आर्चबिशप तालाव्हेरा आणि ग्रानाडाचे मुसलमान

इतिहासाच्या तासाला कोलंबसाचा धडा आला म्हणजे, ज्या विद्वन्मंडळानें त्याची योजना नापसंत केली त्या मंडळाची विद्यार्थी हटकून थट्टा करितात. पृथ्वी सपाट आहे असें मानणारे ते अडाणी धर्मगुरु होते, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. ती चुकीची आहे. पृथ्वी गोल आहे हें त्या मंडळास पुरतें ठाऊक होतें. त्यांचें म्हणणें इतकेंच कीं, पश्चिमेच्या वाटेनें आशियाचें अंतर कोलंबस सांगतो त्यापेक्षां फारच मोठें आहे. आणि ह्या हिशेबांत चूक कोलंबसाची होती, मंडळाची नव्हती. मध्यें अमेरिका खंड आडवें आलें म्हणून तो वांचला, इतकेंच. त्या मंडळाचे अध्यक्ष हर्नांदो दे तालाव्हेरा हे होते. पाठ्यपुस्तकें त्यांना ह्या एका नकारापुरतीं ओळखतात. परंतु त्यांच्या आयुष्यांतील खरें कार्य ह्यानंतरचें असून तें ग्रानाडा शहरांतील मुसलमान प्रजेच्या संबंधांत घडलें, व तेंच विद्यार्थिमित्रांपुढें मांडावें असें योजिलें आहे.

तालाव्हेरा यांचा जन्म १४३० च्या सुमारास स्पेनमधील कॅस्टीलच्या राज्यांत झाला. त्यांच्या मातुल घराण्यांत यहुदी रक्त होतें असें समजलें जातें. आज आपणांस ही गोष्ट किरकोळ वाटेल. त्या काळीं ती किरकोळ नव्हती. इ. स. १३९१ च्या जून महिन्यांत सेव्हिल शहरांत यहुद्यांच्या वस्तीवर जमावानें हल्ला केला. ती आग पाहतां पाहतां इतर शहरांत पसरली व प्राण वांचविण्यासाठीं हजारों यहुद्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ह्यांच्या मुलानातवंडांना नवख्रिस्ती असें नांव पडलें. ज्या जमावानें त्यांना ख्रिस्ती व्हावयास लावलें, त्याच जमावाचे वंशज पुढें ते ख्रिस्ती झाले म्हणून त्यांचा द्वेष करूं लागले. कारण ख्रिस्ती झाल्यामुळें सरकारी व धार्मिक अधिकाराचीं दारें त्यांना उघडीं झालीं होतीं. इ. स. १४४९ मध्यें राजाच्या मंत्र्यानें युद्धखर्चासाठीं टोलेडो शहराकडे दहा लक्ष माराव्हेदी कर्जाऊ मागितले. लोक आधींच गांजलेले होते. मंत्र्यापर्यंत त्यांचा हात पोहोंचत नव्हता. वसुलीच्या कामावरील नवख्रिस्ती व्यापाऱ्याचें घर मात्र हातापाशीं होतें. तें घर जाळण्यांत आलें. पाठोपाठ, यहुदी वंशांतील कोणाहि ख्रिस्ती मनुष्यास शहरांत अधिकाराची जागा मिळूं नये, असा ठराव झाला. पोपनें त्याच वर्षीं ह्या ठरावाचा निषेध केला. पण रक्त शुद्ध कीं अशुद्ध हें पाहण्याची जी रीत तेथें सुरू झाली, ती पुढें शेंकडों वर्षें टिकली. धर्म बदलतां येतो, रक्त बदलतां येत नाहीं. हा नवा द्वेष जुन्याहून अधिक निर्दय होता तो ह्यासाठीं. तालाव्हेरा त्या वेळीं सुमारें वीस वर्षांचे असतील.

सालामान्का येथील विद्यापीठांत त्यांचें शिक्षण झालें व तेथेंच त्यांनीं कांहीं काळ नीतिशास्त्र शिकविलें. इ. स. १४६६ मध्यें अध्यापकाचें काम सोडून त्यांनीं संत जेरोमच्या पंथाची मठदीक्षा घेतली, आणि पुढें वायादोलिद येथील मठाचे ते प्रमुख झाले. इसाबेला राणीनें त्यांना आपले पापनिवेदन ऐकणारे गुरु म्हणून बोलाविलें. पहिल्याच प्रसंगीं राणी गुडघे टेकून बसली, आणि रिवाजाप्रमाणें धर्मगुरूनेंहि गुडघे टेकावे अशी तिची अपेक्षा असतां, हें देवाचें न्यायासन आहे, येथें राणीनें गुडघे टेकावे व मीं बसून राहावें हेंच योग्य, असें तालाव्हेरा यांनीं तिला सांगितलें, अशी आख्यायिका आहे. राणी रागावली नाहीं. असाच गुरु मी शोधीत होतें, असें तिला वाटलें म्हणतात. इ. स. १४८० मध्यें सरदारांनीं मागील राजाकडून उपटलेलीं उत्पन्नें परत घेण्याचें अवघड काम राणीनें त्यांच्यावर सोंपविलें. तें त्यांनीं चोख केलें व अर्थात् पुष्कळ बलाढ्य शत्रूहि करून ठेविले. ह्याच सुमारास सेव्हिलच्या नवख्रिस्ती लोकांसंबंधीं त्यांनीं एक पुस्तक लिहिलें. त्यांत गुप्तपणें यहुदी आचार पाळणाऱ्यांवर त्यांनीं कडक टीका केली आहे. पण बाप्तिस्मा झालेल्या बांधवास त्याच्या वंशावरून हिणविणाऱ्या जुन्या ख्रिस्ती लोकांनाहि सोडलेलें नाहीं. हें पुस्तक इ. स. १५५९ मध्यें निषिद्ध ग्रंथांच्या यादींत टाकण्यांत आलें.

आतां ग्रानाडाकडे वळूं. स्पेनमधील हें शेवटचें मुसलमानी राज्य दहा वर्षांच्या युद्धानंतर फर्डिनंड व इसाबेला यांना शरण आलें. २५ नोव्हेंबर १४९१ रोजीं तह झाला व २ जानेवारी १४९२ रोजीं शहर स्वाधीन झालें. तहाच्या अटी आश्चर्य वाटावें इतक्या उदार होत्या. मुसलमानांचा धर्म, मशिदी, मालमत्ता व काजीचा न्याय हीं जशींच्या तशीं राहावयाचीं होतीं. कोणासहि बळानें ख्रिस्ती करावयाचें नव्हतें. पूर्वीं ख्रिस्ती असून मुसलमान झालेल्यांनाहि छळावयाचें नव्हतें. आफ्रिकेस जाऊं इच्छिणाऱ्यास वाट मोकळी होती. आणि पहिलीं तीन वर्षें करमाफी होती. मात्र ह्याच शहरांतून, तीन महिने पुरते लोटण्यापूर्वीं, ३१ मार्च १४९२ रोजीं यहुद्यांच्या हद्दपारीचें फर्मान सुटलें. एका हातानें वचन देणारे राज्यकर्ते दुसऱ्या हातानें काय करूं शकतात, हें ग्रानाडाच्या मुसलमानांना तेव्हांच दिसून आलें असले पाहिजे.

तालाव्हेरा ह्या शहराचे पहिले आर्चबिशप झाले. वय साठीच्या पुढें गेलेलें. त्यांनीं पहिली गोष्ट कोणती केली असेल तर प्रजेची भाषा शिकण्यास आरंभ केला. म्हातारपणीं अरबी येणें कठीणच. त्यांना ती जेमतेम आली. परंतु आपल्या हाताखालील धर्मगुरूंना त्यांनीं ती शिकावयास लाविलें, आणि पेद्रो दे अल्काला नांवाच्या मठवाश्याकडून अरबीचें व्याकरण व शब्दकोश तयार करवून घेतले. ते इ. स. १५०५ मध्यें ग्रानाडांत छापले गेले. अरबी शब्द त्यांत रोमन लिपींत दिले आहेत. आपल्याकडे फादर स्टीफन्स यांनीं गोमंतकांत बसून मराठींत क्रिस्तपुराण रचलें, किंवा मोल्सवर्थ व कॅंडी यांनीं १८३१ सालीं मराठीचा कोश काढला, त्यांच्या आधींचें हें उदाहरण आहे. शहरांत मुद्रणकला आणली तीहि तालाव्हेरा यांनींच, इ. स. १४९६ मध्यें ख्रिस्तचरित्राचा एक ग्रंथ तेथें छापून निघाला. धर्मगुरु तयार करण्यासाठीं त्यांनीं एक विद्यालय काढलें. उपासनेंत लोकांना कळेल अशीं गीतें घातलीं. मिरवणुकींत मुसलमानी पद्धतीचें गाणें, वाजविणें व नाच यांना त्यांनीं मज्जाव केला नाहीं. उत्पन्नाचा बराचसा भाग दीनदुबळ्यांत वांटून ते स्वतः साधेपणानें राहात. त्यांच्याकडे येणाऱ्या मुसलमानांपैकीं कांहींनीं आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. ज्यांनीं घेतला नाहीं त्यांच्याशीं त्यांचें वागणें बदललें नाहीं. ही दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षां मोठी वाटते. मुसलमान त्यांना पवित्र फकीह म्हणजे पवित्र धर्मशास्त्री असें म्हणूं लागले.

एक गोष्ट येथें झांकून ठेवणें बरें नव्हे. पुढें सक्तीचे बाप्तिस्मे झाल्यानंतर ह्याच तालाव्हेरा यांनीं अल्बाइसिन वस्तीच्या रहिवाश्यांना एक सूचनापत्र दिलें. पोशाख, जोडे, हजामत, जेवण्याची पद्धत, ह्या सर्वांत ख्रिस्ती लोकांसारखें वागा, व अरबी बोलणेंहि होतां होईल तों विसरा, असें त्यांत सांगितलें आहे. ज्यांनीं अरबीचा कोश करविला त्यांनींच अरबी विसरावयास सांगावें! त्यांचा हेतु लोकांवर संशय येऊं नये हा होता. पण संशय घेणाऱ्यास आवर घालावयाचा सोडून ज्याच्यावर संशय येतो त्यानेंच आपलें रूप बदलावें, असा हा उपाय होता. चांगल्या माणसांकडूनहि ही चूक होते. आम्हां शिक्षकांकडून वर्गांत ती वरचेवर होते. चिडविणाऱ्या पांच मुलांना शिक्षा करण्यापेक्षां चिडविल्या जाणाऱ्या एकाला समजावणें सोपें पडतें.

आतां जो भडका उडाला त्याचीं कारणें पाहूं. कारण असे भडके एका दिवसांत तयार होत नसतात. युद्ध संपतांच उत्तरेकडून ख्रिस्ती वसाहतवाले हजारोंनीं ह्या प्रांतांत उतरले. त्यांना जमीन, घर व पाणी हवें होतें, आणि तीं सर्व कोणाच्या तरी मालकीचीं होतीं. मुसलमानांतील श्रीमंत व वजनदार घराणीं एकामागून एक आफ्रिकेस निघून गेलीं; पदच्युत राजा बोआब्दिल हाहि १४९३ सालीं गेला. मागें उरले ते शेतकरी, कोष्टी, कारागीर. त्यांच्या वतीनें बोलणारा कोणी राहिला नाहीं. करमाफीचीं वर्षें संपतात तोंच १४९५ मध्यें व पुन्हां १४९९ मध्यें त्यांच्यावर जादा कर बसले. १४९८ मध्यें शहराची वांटणी झाली. मुख्य शहर ख्रिस्ती लोकांना आणि टेंकडीवरील अल्बाइसिन मुसलमानांना, अशी रेघ ओढली गेली; त्यामुळें रोजचे शेजारसंबंध तुटले. समुद्रापलीकडून मुसलमान चांचे किनाऱ्यावर छापे घालून ख्रिस्ती माणसें गुलाम म्हणून धरून नेत असत, ही भीतीहि खरी होती. पण त्या भीतीचा राग निघे तो चांच्यांवर नव्हे, तर अल्बाइसिनमधील विणकरावर. टोलेडोंत जें घडलें त्याच्याशीं हें ताडून पाहण्यासारखें आहे.

इ. स. १४९९ च्या नोव्हेंबरांत टोलेडोचे आर्चबिशप सिस्नेरोस ग्रानाडांत आले. सिस्नेरोस हा क्षुद्र मनुष्य नव्हता. तो कडक व्रतस्थ होता. पुढें त्यानें अल्काला येथें विद्यापीठ स्थापिलें व बायबलची हिब्रू, ग्रीक, लॅटिन अशी अनेकभाषी प्रत छापविली. परंतु त्याला दम धरवत नव्हता. तालाव्हेरा यांची पद्धत त्याला फार संथ वाटली. धर्मबोधाचे कांहीं भाग अरबींत करण्याचा त्यांचा विचारहि त्यास रुचला नाहीं, असें त्याच्या चरित्रकारानें नमूद केलें आहे. त्यानें प्रथम मुसलमान धर्मशास्त्र्यांना देणग्या दिल्या. जे वळेनात त्यांना कैदेंत घातलें. अल् झेग्री नांवाचा एक मानी सरदार असाच तुरुंगांत ठेवून बाप्तिस्म्यास राजी करण्यांत आला. डिसेंबरांत तर एकाच दिवशीं तीन हजारांवर लोकांना घाऊक बाप्तिस्मा दिल्याचें सांगतात; एकेकास पाणी लावणें अशक्य झाल्यामुळें तें समुदायावर शिंपडण्यांत आलें. अरबी ग्रंथ गोळा करून चौकांत जाळण्यांत आले, वैद्यकाचे तेवढे वगळले. तालाव्हेरा यांनीं ह्या सर्वांस उघड विरोध केला असें लिहावयास मला आवडलें असतें. तसें दिसत नाहीं. आरंभीं तरी त्यांनीं आलेल्या पाहुण्याशीं सहकार्यच केलें.

१८ डिसेंबर रोजीं सिस्नेरोसचा एक शिपाई अल्बाइसिनमध्यें शिरला व मूळच्या ख्रिस्ती घराण्यांतील एका मुसलमान स्त्रीस पकडून नेऊं लागला. तहाप्रमाणें अशांना अभय होतें. स्त्रीनें आरडाओरड केली, लोक जमले, आणि शिपाई ठार झाला. क्षणार्धांत वस्तीच्या गल्ल्या अडविल्या गेल्या, लपविलेलीं शस्त्रें बाहेर आलीं व जमावानें सिस्नेरोसच्या बिऱ्हाडास वेढा घातला. आल्हंब्रा किल्ल्याचा अधिकारी काउंट तेंदिल्या सैन्य घेऊन खालीं आला. त्यानें सिस्नेरोसला सोडविलें, पण अल्बाइसिनांत त्याला शिरतां येईना. दोन-तीन दिवस असे गेले. तोफा आणून वस्ती उडवावी, एवढेंच आतां उरलें होतें.

अशा वेळीं तालाव्हेरा घरांतून निघाले. पुढें क्रूस धरणारा सेवक, बरोबर दोनचार माणसें, शस्त्र कोणाहिजवळ नाहीं. सत्तर वर्षांच्या घरांतील तो वृद्ध टेंकडीचा चढ चढून अडविलेल्या गल्लीशीं पोहोंचला तेव्हां समोर धोंडे व भाले घेतलेली माणसें उभीं होतीं. त्या माणसांनीं त्यांना ओळखलें. आठ वर्षें ज्यांच्या दारीं हे जात येत होते, ज्यांच्या दुखण्याबाण्याची विचारपूस करीत होते, तेच ते लोक. भाले खालीं झाले. पुष्कळांनीं पुढें येऊन त्यांच्या झग्याचें टोंक हातीं घेऊन चुंबिलें. हें पाहून तेंदिल्याहि घोड्यावरून पुढें आला व आपली टोपी त्यानें जमावांत फेंकली. शांततेची ती खूण होती. तहाचा भंग होऊं देणार नाहीं असें वचन देऊन, त्या वचनास तारण म्हणून त्यानें आपली पत्नी व लहान मुलें अल्बाइसिनच्या मशिदीलगतच्या एका घरांत राहावयास ठेविलीं. दुसऱ्या दिवसापासून दुकानें उघडूं लागलीं.

ह्या दोघांनीं दिलेला शब्द दरबारानें पाळला नाहीं. सिस्नेरोसनें सेव्हिलला जाऊन राजाराणीची समजूत घातली कीं, बंड केल्यामुळें मुसलमानांनीं तहाचा हक्क गमावला. आतां बाप्तिस्मा किंवा शिक्षा ह्यांपैकीं एक त्यांनीं निवडावें. थोड्याच आठवड्यांत सर्व अल्बाइसिन ख्रिस्ती झालें, निदान नोंदवहींत. ही वार्ता ऐकून १५०० च्या आरंभीं अल्पुहारा डोंगरांतील गांवें उठलीं. स्वतः फर्डिनंड सैन्य घेऊन गेला. आंदाराश येथें एका मशिदींत आश्रयास शिरलेल्या लोकांसकट ती मशीद सुरुंगानें उडविण्यांत आली. आंत बायकामुलें होतीं. तोफ डागणारे व आंत कोंडलेले, दोन्ही आपआपल्या परीनें एकाच ईश्वराचें नांव घेत होते. ख्रिस्ती शिक्षकास ही हकीकत लिहितांना काय वाटतें तें वाचकांनीं समजून घ्यावें. फेब्रुवारी १५०२ मध्यें कॅस्टीलच्या साऱ्या राज्यांतील मुसलमानांना बाप्तिस्मा किंवा देशत्याग असें फर्मान निघालें. आणि देशत्यागाच्या वाटा इतक्या अवघड करून ठेविल्या कीं बहुतेकांस बाप्तिस्माच घ्यावा लागला.

तालाव्हेरा यांच्यावरहि पाळी येणारच होती. १५०४ च्या नोव्हेंबरांत इसाबेला राणी वारली व त्यांचा आधार गेला. कॉर्दोव्हा येथें लुसेरो नांवाचा धर्मन्यायाधीश होता. साक्षीदारांना छळून त्यांच्या तोंडून वाटेल तें वदवून घ्यावयाचें, ही त्याची हातोटी. एका दिवसांत शंभरावर माणसें त्यानें जिवंत जाळविलीं. त्यानें आर्चबिशपांच्या घरांत गुप्तपणें यहुदी धर्म पाळला जातो असा आळ घेतला. त्यांची बहीण, भाच्या व पुतण्या यांना कैद झाली. मुसलमानांशीं ममतेनें वागणाऱ्या ह्या माणसाला पाडण्यासाठीं शेवटीं काय उपयोगी पडलें? त्याच्या आईचें रक्त! ग्रानाडांतील मुसलमानांचा द्वेष आणि टोलेडोंतील रक्ताचा शोध ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या, हें ह्यावरून स्पष्ट होतें. (असलींच धर्मन्यायालयें पुढें पोर्तुगिजांनीं चालविलीं, त्यांतील एक १५६० पासून गोव्यांत होतें, हें आपल्या प्रांतांतील वाचकांना माहीत असेल.) १५०६ मध्यें कॉर्दोव्हाच्या नागरिकांनींच लुसेरोच्या तुरुंगावर चाल करून बंदिवान सोडविले. प्रकरण पोपपर्यंत गेलें व १५०७ मध्यें तालाव्हेरा निर्दोष ठरले. त्याच वर्षीं १४ मे रोजीं ग्रानाडांत त्यांचा अंत झाला. आणखी एका वर्षानें, १५०८ मध्यें, बुर्गोस येथें भरलेल्या सभेनें लुसेरोच्या साऱ्या साक्षी अविश्वसनीय म्हणून रद्द केल्या. त्या सभेचे अध्यक्ष सिस्नेरोस होते.

तालाव्हेरा यांच्या सेवेंत एक मुसलमान घराण्यांतील नवख्रिस्ती मुलगा होता, त्याचें नांव फ्रान्सिस्को नुन्येझ मुले. त्यांच्याबरोबर तो अल्पुहाराच्या डोंगरी गांवांत हिंडला होता. १५६७ च्या आरंभीं अरबी भाषा, जुना पोशाख, हमामखाने, बुरखा व नाचगाणें ह्या सर्वांस एकदम बंदी करणारा हुकूम निघाला, तेव्हां म्हाताऱ्या झालेल्या ह्या मुलेनें सरकारास एक लांबलचक अर्ज केला. पोशाख हा धर्म नव्हे, तो प्रांताप्रांताचा असतो. पूर्वेकडील ख्रिस्ती लोक अरबीच बोलतात. आणि गरीब बायकांनीं घरांतले सगळे कपडे टाकून नवे कोठून आणावे, असें त्यानें एकेक मुद्दा घेऊन दाखविलें. त्यांत त्यानें आपल्या जुन्या धन्याचीहि आठवण लिहिली आहे. डोंगरांतील एका गांवीं आर्चबिशप उपासना चालवीत तेव्हां ऑर्गनच्या जागीं गांवकऱ्यांचीं वाद्यें वाजत, आणि मंडळींना उद्देशून ते जें वचन म्हणत तें मधूनमधून अरबींत असे.

अर्ज नामंजूर झाला. १५६८ च्या नाताळांत पुन्हां बंड झालें. तें मोडतांना दोन वर्षें गेलीं व सुमारें ८०,००० माणसें ग्रानाडा प्रांतांतून उचलून इतरत्र नेण्यांत आलीं. व्हॅलेन्शिया व आरागॉनकडील जमीनदारांनीं आपल्या शेतीस कुळें हवींत म्हणून त्यांच्याकडील लोकांना कांहीं काळ पाठीशीं घातलें. त्या जमीनदारांचा सूड म्हणून बंडखोर कारागिरांनीं १५२१ मध्यें ह्याच कुळांना धरून जबरीनें बाप्तिस्मे दिले होते. १६०९ पासून १६१४ पर्यंत उरलेल्या सुमारें तीन लक्ष लोकांना, ते शंभर वर्षें ख्रिस्ती म्हणविले जात असतांहि, जहाजांवर घालून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोडून देण्यांत आलें. ग्रानाडाच्या बाजारांत व घरांत कोणती अरबी बोलली जात होती हें जाणूं इच्छिणारे भाषापंडित आज पेद्रो दे अल्कालाचा तो कोश उघडतात.